‘द सेल्फिश जायंट’मध्ये तंत्र नाही, हे पटलं नाही

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘द सेल्फिश जायंट’ या ब्रिटिश चित्रपटावर आलेला लेख वाचला. २०१३ सालच्या या चित्रपटाची मराठी वाचकांना ओळख करून दिल्याबद्दल लेखकाचे आधी आभार मानते. उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशर भागातल्या ब्रॅडफर्ड शहरातली आर्बर आणि स्विफ्टी ही दोन पोरं, त्यांचं शाळेतून बाहेर काढलं जाणं, घोडागाडीवरून भंगार गोळा करणं आणि स्विफ्टीचा मृत्यू, हे सगळं त्यांनी फार मनापासून सांगितलं आहे. माझं भांडण आहे ते लेखाच्या उत्तरार्धाशी. तिथे लेखकाचं म्हणणं असं, की या चित्रपटात तंत्र असं काही नाहीच. दिग्दर्शिकेनं खऱ्या वस्तीत खरी पोरं उभी केली, कॅमेरा ठेवून दिला आणि समोर घडलं ते टिपलं. हे त्यांनी कौतुक म्हणून लिहिलंय, ते कळतं. पण माझं कामाचं सगळं आयुष्य माहितीपटांसाठी ध्वनिमुद्रण करण्यात आणि तो आवाज पुढे मिक्सिंगच्या टेबलावर मार्गी लावण्यात गेलं. ‘नुसतं टिपलं’ हे वाचून मला गप्प बसवत नाही.

सुरुवात आवाजापासूनच करते, कारण लेखात त्याबद्दल एक ओळही नाही.

चित्रपटात मधेमधे गोष्ट थांबते आणि एखादं दूरवरचं, स्थिर चित्र येतं. धुक्यातलं माळरान, त्यात उभे घोडे, मागे विजेचे उंच मनोरे आणि तारा. कॅमेरा हलत नाही. कुणी बोलत नाही. पण ही दृश्यं मुकी नाहीत. त्यात विजेची गुणगुण आहे आणि बारीक तडतड आहे. आम्हा ध्वनिमुद्रकांना ही गुणगुण चांगली ओळखीची. ब्रिटनमध्ये विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं, असते, आणि ट्रान्सफॉर्मरचा गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा सूक्ष्मसा ताणला-आकसला जात असल्यामुळे त्याचा ऐकू येणारा मूळ सूर १०० हर्ट्झचा असतो. मुद्रणात तो शिरला की आम्ही त्याला ‘हम’ म्हणतो. तो शिरू नये म्हणून केबल बदलायच्या, माइकची जागा बदलायची, तरीही राहिला तर फिल्टर लावून काढायचा, हे रोजचं काम. या चित्रपटात तोच आवाज मुद्दाम ठेवला आहे, आणि नुसता ठेवलेला नाही, पुढे आणला आहे.

तडतडीचं कारण वेगळं. तिथल्या मुख्य वहनतारा २७५ आणि ४०० किलोव्होल्टच्या असतात. इतक्या विद्युतदाबाला तारेलगतची हवा आयनीभूत, म्हणजे विद्युतभारित, होते आणि छोटे छोटे विद्युत्‌स्राव होत राहतात. हवा दमट असेल, धुकं असेल, पाऊस नुकताच पडून गेला असेल, तर तो आवाज वाढतो. म्हणजे ज्या धुक्यामुळे ती दृश्यं डोळ्यांना इतकी शांत वाटतात, त्याच धुक्यात तारा सर्वांत जास्त बोलतात. लेखकांनी या दृश्यांना ‘निसर्गरम्य विसावे’ म्हटलंय. मला ते विसावे वाटत नाहीत. या गोष्टीत पुढे एका मुलाचा जीव जमिनीखालच्या जिवंत वीजवाहिनीनं जातो. ते घडण्याआधी आपण ती वीज कितीतरी वेळा ऐकलेली असते, फक्त तिच्याकडे लक्ष दिलेलं नसतं. अपघात येतो तेव्हा तो कुठूनतरी टपकल्यासारखा वाटत नाही, तो यामुळे. हे एकाही संवादातून सांगितलेलं नाही. धोक्याची सूचना पूर्णपणे ध्वनिपट्टीवर आहे.

हे योगायोगानं झालं असेल, असं मला वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. दिग्दर्शिका क्लिओ बर्नार्ड यांचा आधीचा चित्रपट ‘दि आर्बर’ २०१० साली आला. तो नाटककार अँड्रिया डनबर यांच्यावर आहे. त्या ब्रॅडफर्डच्याच बटरशॉ वस्तीत वाढलेल्या, त्यांचं पहिलं नाटक १९८० साली लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरात झालं आणि १९९० साली, अवघ्या २९व्या वर्षी, त्या गेल्या. बर्नार्ड यांनी त्यांच्या घरच्यांच्या आणि ओळखीच्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आणि मग पडद्यावर अभिनेते उभे करून त्यांना त्या खऱ्या आवाजांवर फक्त ओठ हलवायला लावले. माणूस एक, आवाज दुसऱ्याचा. एखादा श्वास, एखादं अडखळणं, वाक्यामधला घोटलेला आवंढा, सगळं जसंच्या तसं आणि तरी शरीर परकं. ते पाहताना प्रेक्षकाला सतत जाणवत राहतं की समोरचं ‘खरं’ कुणीतरी रचलेलं आहे. जिनं चेहरा आणि आवाज असे मुळापासून वेगळे करून पाहिले, ती बाई पुढच्याच चित्रपटात माइक चालू करून समोर येईल ते घेईल, हे संभवत नाही.

त्या कामाच्या वेळी बटरशॉमध्ये त्यांची गाठ घोडागाडीवरून भंगार गोळा करणाऱ्या मुलांशी पडली आणि त्यातून ‘द सेल्फिश जायंट’ उभा राहिला. आर्बर हे नाव तिथल्याच ब्रॅफर्टन आर्बर या रस्त्याच्या नावातलं. आणखी एक धागा लेखात यायला हवा होता असं मला फार वाटलं. स्विफ्टीच्या आईचं काम करणाऱ्या शिवॉन फिनरन या १९८७ साली डनबर यांच्याच लेखणीतून उतरलेल्या ‘रीटा, सू अँड बॉब टू’ या चित्रपटात रीटा होत्या. त्या चित्रपटातली शाळकरी मुलगी इथे त्याच शहरातली, पोराबाळांनी थकलेली आई म्हणून येते. ज्यांनी तो आधीचा चित्रपट पाहिलाय त्यांना त्या चेहऱ्यावर मधली पंचवीस-सव्वीस वर्षं दिसतात. पात्रनिवड हेसुद्धा तंत्रच.

आता पोरांबद्दल. कॉनर चॅपमन आणि शॉन थॉमस ही दोघं पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर आलेली, आणि त्यांच्याभोवती शॉन गिल्डर, लॉरेन अ‍ॅशबर्न, स्टीव्ह एव्हेट्स असे मुरलेले कलाकार. लेखात म्हटलंय की मुलं ‘अभिनय करतच नाहीत’. पण त्यांच्या अंगकाठीचा वापर चौकटीत कसा केलाय ते पाहा. आर्बर चणीनं एवढासा, सतत हलणारा, तोंडाची टकळी चालू. स्विफ्टी भरलेल्या अंगाचा, सावकाश, मवाळ, घोड्यापाशी गेला की अजूनच मवाळ. दोघं एका चौकटीत आले की आर्बर आत-बाहेर करत राहतो आणि स्विफ्टी जागचा हलत नाही. छायाचित्रकार माइक इली यांचा कॅमेरा आर्बरबरोबर असला की हातात असतो, धावतो, धापा टाकतो. स्विफ्टी आणि घोडा असले की तो निवांत होतो. दोन मुलांचे दोन स्वभाव संवादात सांगायची गरजच उरत नाही. आणि म्हणूनच पुढे आर्बर एकटा आणि गप्प दिसतो तेव्हा चौकटीत काय कमी आहे ते आपल्या डोळ्यांना आपोआप कळतं. ज्याच्यामुळे चौकट स्थिर होती तोच गेलाय.

चित्रपटाची सुरुवातही आठवून पाहावी. आर्बर पलंगाखाली शिरून थयथयाट करतोय. मोठ्यांचं कुणाचं चालत नाही. स्विफ्टी खाली वाकतो, हात पुढे करतो, आणि तो हात हातात आल्यावर आर्बर हळूहळू शांत होतो. कॅमेरा त्या अरुंद जागेत, जमिनीलगत, त्यांच्या उंचीवर आहे. खोलीच्या दारातून, मोठ्या माणसाच्या उंचीवरून हा प्रसंग घेतला असता तर तो ‘त्रास देणारं मूल’ एवढाच राहिला असता. कॅमेरा आत नेल्यामुळे तो मैत्रीचा प्रसंग झाला. आर्बरला अतिचंचलतेसाठी गोळ्या दिल्या जातात, त्यांची गरज त्याला आहेच. पण त्याचा खरा उतारा कोण, हे आपल्याला पहिल्या काही मिनिटांतच, एका हातानं कळतं. अशा वेळी पार्श्वसंगीत टाकायचा मोह किती मोठा असतो ते मी टेबलावर बसून अनुभवलंय. निर्मात्याला वाटतं प्रेक्षकाला भावना पोचली नाही तर? संगीतकार हॅरी एस्कॉट यांच्याकडून या चित्रपटानं फार थोडं संगीत घेतलंय, आणि त्यामुळेच श्वास, कपड्यांची सळसळ, लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज, डांबरी रस्त्यावरच्या टापा यांना जागा मिळाली आहे.

टापांवरून ती शर्यत आठवली. सकाळच्या वेळी सार्वजनिक रस्त्यावर दोन घोडे हलक्या दुचाकी गाड्यांना जुंपून दौडवतात आणि त्यांच्यामागे मोटारींचा तांडा, हॉर्न, आरडाओरडा, पैजा. चित्रपटभर जपून ठेवलेला वेग इथे एकदम सोडला आहे. कॅमेराही धावत्या गाड्यांसोबत आहे. संकलक निक फेंटन यांनी हा प्रसंग त्या निश्चल माळरानांच्या शेजारी आणल्यामुळे तो एवढा अंगावर येतो. नुसती शर्यत कापून कुठल्याही दुसऱ्या चित्रपटात लावली तर ती चांगली शर्यत एवढीच राहील.

लेखकांनी तुलनेसाठी ‘केस’चा उल्लेख केलाय, ते बरं केलं. केन लोच यांचा १९६९चा हा चित्रपटही यॉर्कशरचाच, बार्न्सलीतला, आणि तोही बिली नावाच्या पोराचा, फक्त त्याचा जोडीदार ससाणा आहे. पण तोही ‘कॅमेरा ठेवून दिला’ या पठडीतला नाही. क्रिस मेंजेस यांनी त्याचं छायाचित्रण केलं. त्याआधी ते चेक छायाचित्रकार मिरोस्लाव ऑन्ड्रिचेक यांच्या हाताखाली दिग्दर्शक लिंडसे अँडरसन यांच्या ‘इफ’ या चित्रपटावर कॅमेरा चालवत होते. प्रकाश नटाच्या तोंडावर मारण्याऐवजी जागेला द्यायचा, म्हणजे नट हवा तिथे फिरू शकतो, आणि कॅमेरा लांब ठेवून दूरचं जवळ आणणाऱ्या भिंगानं पाहायचं, म्हणजे मुलाला तो विसरता येतो, ही जाणीवपूर्वक घेतलेली पद्धत होती. त्यासाठी आधी विचार करावा लागतो, जागा निवडावी लागते. आणि त्याच ‘केस’मध्ये शाळेतल्या फुटबॉल सामन्याच्या वेळी पडद्यावर चक्क मँचेस्टर युनायटेड आणि स्पर्स या व्यावसायिक क्लबांच्या नावानं गोलफलकाची अक्षरं उमटतात! पोरांना झोडपत स्वतःच हिरो होऊ पाहणाऱ्या मास्तरांच्या डोक्यात काय चाललंय ते दाखवायला दिग्दर्शकानं सरळ अक्षरं लिहिली. वास्तववादी म्हणवणाऱ्या चित्रपटाला तेही चाललं, कारण ते त्या प्रसंगाला खरं होतं.

दोन्ही चित्रपटांत मुलं आणि कॅमेरा यांच्यातलं अंतर मात्र वेगळं आहे. मेंजेस लांबून पाहतात, बिलीला त्याच्या ससाण्याबरोबर एकटं सोडतात. बर्नार्ड आणि इली मुलांच्या इतके जवळ जातात की आर्बरच्या नखांतली माती दिसावी, आणि मग एकदम इतके लांब जातात की माणूस दिसेनासा व्हावा. मधलं, सोयीचं अंतर ते फारसं वापरत नाहीत. ब्रिटिश वास्तववादी चित्रपटांत साठच्या दशकापासून टेकडीवरून गावाकडे पाहणारा लांबचा शॉट इतक्यांदा आला की टीकाकारांनी त्यावर आक्षेप घेतला: हा वरून पाहणारा डोळा बाहेरच्याचा आहे, तो गरिबीचं सुंदर चित्र काढतो आणि पुढे जातो. बर्नार्ड यांच्या लांबच्या शॉट्सवरही आपल्या लेखकांनी थोडा तसाच संशय घेतला आहे. मला तो अन्यायाचा वाटतो. माझ्या नजरेला इथला कॅमेरा टेकडीवर नाही, माळरानाच्या पातळीवर आहे, घोडे जिथे उभे आहेत तिथेच. आणि वर म्हटलं तसा त्यात आवाज आहे, त्यामुळे त्या चित्रातून सुटून जाता येत नाही.

गोष्टीत अतिरेक आहे, भंगारवाला किटन एवढ्या पोरांना असा रोख पैसा देईल का, अशी शंकाही लेखात आहे. त्या काळचा संदर्भ द्यायला हवा. २०११च्या सुरुवातीला तांब्याचा भाव टनाला दहा हजार डॉलरवर गेला होता आणि ब्रिटनमध्ये रेल्वेच्या व विजेच्या केबल चोरीला जाण्याचं प्रमाण इतकं वाढलं की इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२च्या डिसेंबरात भंगार रोखीनं विकत घेण्यावर बंदी आली. भंगार व्यवहाराचा नवा कायदा १ ऑक्टोबर २०१३पासून लागू झाला आणि त्याच महिन्यात हा चित्रपट तिथल्या चित्रपटगृहांत लागला. वजनकाट्यावर माल टाका, नोटा घ्या, कुठून आणलं ते विचारायचं नाही, हे नुकतंच मागे पडलेलं जग होतं. किटनच्या आवारातली दृश्यं मला म्हणूनच महत्त्वाची वाटतात. तिथे माणसांपेक्षा धातू जास्त बोलतो. कुठलाही संवाद त्या खणखणाटावर चढवून बोलावा लागतो, आणि आर्बर तो चढवतो, स्विफ्टी चढवत नाही. या धंद्यात कोण टिकू पाहतोय आणि कोण ओढला गेलाय ते आवाजाच्या पातळीवरूनच कळतं.

ऑस्कर वाइल्ड यांच्या १८८८ सालच्या, याच नावाच्या परीकथेशी असलेलं नातं लेखकांनी ‘नावापुरतं’ म्हणून निकालात काढलंय. मूळ कथेत राक्षस मुलांना बागेबाहेर काढून भिंत घालतो आणि बागेत हिवाळा मुक्काम ठोकतो. चित्रपटात बाग नाही, पण भिंत आहे, फाटक आहे, आणि ऋतू बदलत नाही. सगळा चित्रपट राखाडी, ओल्या उजेडात राहतो. वाइल्ड यांच्या कथेत ज्या मुलावर राक्षसाचा जीव जडलेला असतो त्याच्या तळहातांवर शेवटी खिळ्यांच्या खुणा दिसतात. इथे राक्षसाच्या जागी किटन आहे, आणि स्विफ्टीच्या मृत्यूनंतर तोच सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेतो. आणि हातांचं म्हणाल, तर पलंगाखालच्या त्या पहिल्या हातापासून हा चित्रपट हातांवरच रचलेला आहे. लगाम धरणारे, केबल ओढणारे, नोटा मोजणारे, घोड्याच्या मानेवरून फिरणारे. नावापुरतं नातं असतं तर हे एवढं सातत्यानं आलं नसतं.

अपघातानंतरचा भाग लेखकांना ‘लांबलेला’ वाटला. स्विफ्टीच्या घराबाहेर आर्बर बसून राहतो, स्विफ्टीची आई त्याला आत घेत नाही, पाऊस पडतो, तो उठत नाही. मला तो भाग जरासुद्धा कमी केलेला चालला नसता. जो मुलगा चित्रपटभर गप्प बसला नाही त्याच्याकडे आता एकही शब्द नाही, आणि प्रेक्षकाला ती शांतता पुरेशी जाणवायला वेळ लागतो. तो वेळ देण्याचं धैर्य संकलकाच्या खोलीत होतं. माझ्या अनुभवात तिथे असा वेळ टिकवणं हे सगळ्यांत कठीण काम असतं, कारण खोलीतला प्रत्येक जण ‘थोडं कापू या’ म्हणत असतो. त्या आईनं शेवटी त्याला जवळ घेतल्यावर जे होतं, ते या थांबण्यामुळेच होतं.

संपादक महाराज, दोन विनंत्या करते. आपल्या पुरवणीत चित्रपटाच्या लेखासोबत जी चौकट छापता, तीत दिग्दर्शक आणि कलाकारांखाली छायाचित्रकार, संकलक, संगीतकार आणि ध्वनी सांभाळणारे यांनाही जागा द्यावी. या पत्रात मी घेतलेली नावं त्या लेखात कुठेच नव्हती, आणि ती नसली की ‘तंत्र नाही’ असं वाटणं सोपं जातं. दुसरी विनंती वाचकांसाठी आहे. हा चित्रपट फोनवर किंवा लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरवर पाहू नका. इतके छोटे स्पीकर १०० हर्ट्झच्या आसपासचा सूर जवळजवळ उमटवतच नाहीत, त्यामुळे माळरानावरच्या त्या दृश्यांतली अर्धी गोष्ट तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. चांगले हेडफोन लावा किंवा मोठ्या स्पीकरवर ऐका, आवाज थोडा चढवा, आणि पहिल्यांदा विजेचे मनोरे दिसतील तिथे पुढे सरकवू नका. लेखकांनाही माझा हाच आग्रह आहे, आणि तसं पाहून झाल्यावर त्यांनी पुन्हा लिहिलं तर मी ते नक्की वाचेन.

आपली,
एक निवृत्त ध्वनिमुद्रक